डावं दार

१७ एप्रिल २०११

प्रिय डॅरेल,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरात कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि तुझे बाबा हल्ली दिवसभर तिथेच बसलेले असतात. तुझं नाव निघालं की ते उठून बाहेर जातात आणि मी घाईने भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवते. आठ वर्षं आपलं हे असंच चाललंय. तुला कंटाळा आला असेल. मला तर आलाच आहे.

बाबांचा गाडी चालवायचा परवाना फेब्रुवारीत काढून घेतला. डॉक्टरांनीच तसं लिहून दिलं. फार काही झालं नव्हतं, कुणाची तरी टपालपेटी पाडली, एवढंच. पण ते विसरायला लागलेत हे आता लपवण्यासारखं राहिलेलं नाही. मार्चमध्ये एका सकाळी डबा मागू लागले, पहिली पाळी आहे म्हणून. कारखाना पाडून टाकला, तिथे आता कुंपण आणि गवत आहे. मी म्हटलं, "वर्नन, निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तुला." तर म्हणाले, "मग डबा कशाला भरलास?" डबा मी भरलाच नव्हता.

पिकअप मी माझ्या बहिणीकडे लपीरला पाठवून दिली. त्यावर ते तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मागची शेड उघडली आणि आपल्या त्या जुन्या केशरी गाडीवरची, केशरीवरची, ताडपत्री ओढून काढली. आताची पोरं तिला मसल कार म्हणतात आणि तिच्यासाठी जीव टाकतात म्हणे. तुम्ही लहान असताना ती फक्त लपाछपीच्या कामाची होती. तिच्या मागच्या सीटवर तू पहिली सिगारेट ओढलीस, आणि आईला कळलं नाही अशा समजुतीत आजवर आहेस.

"हिची किल्ली कुणाकडे मागायची गरज नाही," बाबा म्हणाले.

मला हसूच आलं. बत्तीस वर्षं जागची हलली नाही ती. इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने तिचा तळ इतका खाल्लाय, की मी आत पाय ठेवला तो थेट शेडच्या जमिनीवर टेकला. म्हटलं, करू देत. हात गुंतले तर जीव रमेल. आता रोज सकाळी मी स्टुलावर बसून गाडी दुरुस्तीचं पुस्तक मोठ्याने वाचते आणि बाबा ऐकतात. त्यांना स्वतःला वाचता येतं, पण तिसऱ्या ओळीला पहिली निसटते. तेवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना मटार वाढलेली बाई मी, कार्बोरेटर म्हणजे काय ते आत्ता शिकतेय. आणि त्यांचं तरी काय वेगळं? तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढली, पण पट्ट्यावरून येणाऱ्या गाडीला डावं दार लावायचं, एवढं एकच काम केलं. चालवणाऱ्याचं दार. बाकीची गाडी त्यांनाही माझ्याइतकीच परकी आहे. आंधळ्याचा हात आंधळ्याच्या हातात.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी गावात विटांच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची फेरी निघते ना, त्यात केशरी चालवायची असं त्यांनी ठरवलंय. कॅलेंडरवर लाल गोल केलाय. कुणी काहीही म्हणो, मला त्या गोलाची भीती वाटते. पण तळ नसलेली गाडी कुठे जाणार आहे म्हणा.

उत्तर दिलंस तर माझ्या बहिणीच्या पत्त्यावर दे.

आई

८ मे

प्रिय डॅरेल,

आज मातृदिन. रविवारी टपाल येत नाही, आणि तुझं आलंच तर बहिणीकडे येणार, हे ठाऊक असून मी दोनदा पेटी उघडून आले. तुला टोचायला लिहीत नाही, बाईचा वेंधळेपणा सांगतेय.

अक्षर वाकडं आलंय कारण उजव्या मनगटाला पट्टी आहे. शेडमध्ये थोडं खरचटलं.

केशरीची आम्ही दोघांनी मिळून वाट लावली. पुस्तकात लिहिलंय, सडलेला पत्रा कापून टाका. आम्ही कापला. आधी तळ, मग दोन्ही दारांखालचे पत्र्याचे उंबरे. बाबांनी कापायचं यंत्र चालवलं आणि मी ओल्या चादरी घेऊन जीव मुठीत धरून उभी राहिले. पेट्रोलची टाकी अमोसनी आधीच उतरवून अंगणाच्या टोकाला नेली होती, तरी प्रत्येक ठिणगीला मी चादर पुढे करायचे. अमोस म्हणजे आपले शेजारी, बॉडी शॉपमध्ये वेल्डिंग करायचे ते. त्यांची बायको गेल्यापासून ते आमच्याकडेच जेवतात, बिचारे.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "आता दार लावून बघू." डावं दार लावायला गेले तर लागेना. वरच्या कोपऱ्यात पत्र्यावर पत्रा घासला आणि अर्ध्यातच अडकलं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा अडकलं. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मग ते खाली फरशीवर बसले आणि म्हणाले, "अर्लीन, मला दार लावता येत नाहीये."

अमोस आले, वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अर्लीनबाई, ही गाडी आहे का झोळी? कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी कांब जोडायची असते! नुसते उंबरे काढलेत, ती मधोमध खचली."

तसं पुस्तकात लिहिलेलं होतं. पण ते पान वाचायचं राहून गेलं.

खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात मला हायसं वाटलं. खचलेली गाडी चालत नाही.

आई

ता. क. आवाराच्या तोंडावर बाबांनी लावलेली ती पाटी अजून आहे. "परदेशी गाड्या आत लावू नयेत." मी दर वर्षी तिच्याभोवतीचं गवत कापते आणि दर वर्षी वाटतं, कापता कापता पाटीही कापावी.

५ जून

डॅरेल,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. मनगट खरचटलं नव्हतं.

केशरी उचलून ठेवलेली होती आणि मी तिच्याखाली पाठीवर पडून गंजलेला नट सोडवत होते. बाबा पाणी प्यायला घरात गेले. परत आले ते मला विसरून आले. गाडी वर आहे, काम संपलेलं दिसतंय, उतरवू या, असं त्यांना वाटलं. जॅकचा दांडा फिरवल्याचा आवाज मी ओळखला आणि ओरडले, पण त्यांना कळेना आवाज कुठून येतोय. "अर्लीन, कुठे आहेस गं?" म्हणत ते दांडा फिरवतच राहिले. अमोसनी आठवड्यापूर्वीच चारी बाजूंना लोखंडी घोड्या ठेवल्या होत्या, गाडी त्यांवर टेकली. माझा हात एका घोडीत आणि पत्र्यात सापडला, तेवढ्यावर निभावलं. बाहेर आले तर बाबा माझ्या हाताकडे बघून विचारतात, "हे कुणी केलं?"

मी म्हटलं, "मांजराने."

आता मी खाली शिरताना एक लाल फडका आरशाला बांधते आणि बाबांच्या शर्टाला दुसरा. फडका बघितला की त्यांनी मला हाक मारायची, असं ठरलंय. पाळतात. तरी खाली पडल्यावर माझे कान सशासारखे उभे असतात.

आता चांगली बातमी. चांगली म्हणावी का ते तूच ठरव.

अमोसनी गाडीच्या पोटाखाली मधोमध जॅक लावला आणि तीन दिवस ती थोडी थोडी वर उचलली. दर वेळी बाबा डावं दार लावून बघायचे. डोळे मिटून, कान दाराला लावून. "अजून केसभर." अमोस केसभर उचलायचे. "जास्त झालं, अर्धा केस खाली." अमोस हसायचे, "वर्नन, अर्ध्या केसाचा जॅक तुझ्या कारखान्यात मिळत होता का?" तिसऱ्या दिवशी दार लागलं. आपटावं लागलं नाही, नुसत्या बोटाने ढकललं आणि लागलं. बाबांनी ते उघडलं, पुन्हा लावलं, मला बोलावून माझं बोट धरून ढकलायला लावलं. मग अमोसनी कांबा जोडल्या आणि नवे उंबरे बसवले. मलाही दोन टाके घालू दिले, वाकडेतिकडे आहेत, पण माझे आहेत.

त्या दाराचं आतलं अस्तर काढल्यावर पत्र्यावर पिवळ्या खडूची एक खूण निघाली, बरोबरच्या खुणेसारखी, पण शेपूट लांब. बाबा लावलेल्या प्रत्येक दारात ती करायचे म्हणे, मुकादम ओरडायचा तरी. एकेचाळीस वर्षं ती तिथे अस्तराखाली होती. त्यांनी तिच्यावर अंगठा ठेवला. "हे माझं दार आहे. ही गाडी माझ्या हाताखालून गेली." इतके खूश झाले, की मी रडले.

पाच मिनिटांनी त्यांनी मला हळूच विचारलं, "पण गाडी कुणाची आहे?"

आई

४ जुलै

डॅरेल,

बाहेर सकाळपासून पोरं फटाके उडवतायत. त्यात आमच्याकडचा आवाज कुणाला वेगळा कळला नसेल.

केशरी सुरू झाली.

इंजिन अमोसच्या ओळखीच्या माणसाने महिनाभर ठेवून नीट करून दिलं होतं, नवी टाकी बसली होती, ब्रेकच्या नळ्या मी स्वतः बदलल्या. सकाळी बाबांनी किल्ली फिरवली. आधी खोकली, मग एकदम असा आवाज निघाला, की शेडमधले खिळ्यांचे डबे फळीवरून सरकले. मला तो आवाज छातीत लागत होता. बाबा आत बसून हसत होते, आणि ते हसणं मी १९७० साली पाहिलं होतं. त्याच हसण्यावर भाळले मी, आता कुणाला सांगू! अमोस टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

आता ऐक, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत टपालपेटी पडली ते खरं. पण पेटी नंतर पडली. त्याआधी कोपऱ्यावर शाळेची बस उभी होती, लाल दिवे लागलेले, सगळ्यांनी थांबायची पाटी बाहेर आलेली. बाबांना ती दिसली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तसेच पुढे गेले. बसच्या पुढून एक मुलगी रस्ता ओलांडत होती. जांभळं जॅकेट, सात-आठ वर्षांची. तिच्या दप्तराचा पट्टा आपल्या आरशाला घासून गेला. दप्तर, डॅरेल. मुलगी नव्हे, पण मध्ये एक वीत अंतर नव्हतं. मग बाबांनी स्टिअरिंग फिरवलं आणि पेटीवर जाऊन थांबले. मी शेजारच्या सीटवर होते. मला बस शंभर फुटांवरून दिसत होती. मी काही बोलले नाही, कारण त्या महिन्यात मी काही सांगितलं की ते चिडायचे आणि मला भांडण नको होतं. भांडण नको म्हणून मी गप्प बसले! ती पोर रस्त्यातच उभी राहून आमच्याकडे बघत होती. डोळा मिटला की मला ती दिसते. तेवीस वर्षं तिच्याएवढ्या पोरांना जेवायला वाढलंय मी.

बाबा ते केव्हाच विसरले. डॉक्टरांकडून येताना मला म्हणाले, "एका पेटीसाठी एवढं?"

आणि दुसरं. कांबा जोडायचं ते पान मी वाचलं होतं. आदल्या दिवशीच. मोठ्याने वाचताना जाणूनबुजून दोन पानं एकदम उलटली. म्हटलं गाडी मोडेल आणि विषय संपेल. ते फरशीवर बसून "मला दार लावता येत नाही" म्हणाले तेव्हा माझ्या जिवाला जे झालं ते लिहिता येत नाही.

त्यानंतर मी बॅटरीची तार सैल करून बघितली, त्यांनी दहा मिनिटांत घट्ट केली. किल्ली लपवली, तर ती सापडेपर्यंत घरभर फिरले आणि शेवटी रडवेले होऊन म्हणाले, "मी कुठे ठेवली?" तसं मला पुन्हा करायचं नाही. नाही म्हणून सांगितलं तर दुपारपर्यंत विसरतात. अमोसना सांगू म्हटलं, तर त्यांना या गाडीचं बाबांइतकंच वेड लागलंय.

फेरीला सात आठवडे राहिले. पण फेरीपर्यंत कोण थांबतंय? एका सकाळी मी आंघोळीला गेले आणि ते पहिल्या पाळीला निघाले तर? त्या कोपऱ्यावरून?

तू आयुष्यभर गाड्यांत वावरलास. बाबांच्या मते चुकीच्या, परदेशी गाड्यांत, ते जाऊ दे. मला एवढंच सांग, त्यांना कळणार नाही असं तिच्यातलं काय काढून ठेवू? तुमच्या दोघांच्या भांडणात मी तुझी बाजू घेतली नाही हे मला ठाऊक आहे. ते मनात ठेव हवं तर. पण हे सांग.

आई

१६ जुलै

डॅरेल,

कार्ड मिळालं. आठ वर्षांनी तुझ्या हातचे आठ शब्द. "डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखालचा रोटर काढ. गाडी सुरू होणार नाही." मी ते कार्ड किती वेळा वाचलं हे विचारू नकोस, पाठ झालंय.

काढला. दोन पकडी उघडल्या, टोपी उचलली, तुकडा हातात आला. पेढ्याएवढासुद्धा नाही, तपकिरी, वर पितळेची जीभ. एवढ्याशा वस्तूने एवढा मोठा राक्षस गप्प होतो हे मला ठाऊक असतं तर मी कितीतरी झोप घेतली असती. मी शिवणाचं सामान ठेवते त्या बिस्किटांच्या निळ्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवलाय. तिकडे बाबा कधी फिरकत नाहीत.

तुझं अक्षर बदललेलं नाही.

आई

७ ऑगस्ट

डॅरेल,

मी काय करून बसलेय ते तुला कळावं म्हणून लिहितेय. सुटका झाली असं वाटलं होतं, ही आगीतून फुफाट्यात पडल्याची गत आहे.

बाबा रोज न्याहारी करून शेडमध्ये जातात आणि किल्ली फिरवतात. इंजिन फिरतं, फिरतं, धरत नाही. मग ते उतरतात आणि काहीतरी बदलतात. प्लग बदलले. तारा बदलल्या. पेट्रोल काढून नवं भरलं. मला पुस्तक वाचायला लावतात, आणि मी त्या टोपीचं पान सोडून बाकीची सगळी वाचते. परवा पान उलटताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं. चोराच्या मनात चांदणं.

अमोसना पहिल्या दिवशीच कळलं. त्यांनी टोपी उचलली, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टोपी पुन्हा लावली. "वायरिंगमध्ये कुठेतरी असेल रे, वर्नन," म्हणाले. "जुनी बाई आहे, रुसते." जाताना मला दारात म्हणाले, "अर्लीनबाई, मला फेब्रुवारीचं ठाऊक होतं. त्या बसचा ड्रायव्हर माझा पुतण्या आहे. तुम्ही बोलाल म्हणून मी थांबलो होतो, आणि मी बोलीन म्हणून तुम्ही." दोन शहाण्यांची ही तऱ्हा.

काल बाबा आत बसून राहिले. दार उघडं होतं, एक पाय बाहेर. मी कॉफी घेऊन गेले. ते म्हणाले, "मी काहीतरी विसरलोय, अर्लीन. तिला सुरू करायला एक गोष्ट लागते आणि ती मी विसरलोय. काय ते सांग ना."

डॅरेल, मी सांगितलं नाही. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, कॉफी गार होतेय. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं कधी फसवलं नव्हतं. आजार त्यांची आठवण नेतोय ती नेतोच आहे, आणि जी गेली नाही ती मी बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवलीय. सांगावं तर ती जांभळ्या जॅकेटची पोर उभी राहते.

तू म्हणशील, आई, मग माझ्याकडून काय हवंय? काही नको. वाच फक्त.

आई

२० ऑगस्ट, शनिवार

डॅरेल,

आज फेरीचा दिवस. सकाळी नऊ वाजता मी बटण लावायला डबा उघडला आणि रोटर नव्हता.

सगळी बटणं टेबलावर ओतली, रिळं ओतली, डबा उलटा करून ठोकला. नव्हता. बाबांना हाक मारली, ओ नाही. कोटाच्या खुंटीवर कोट नाही. तशीच शेडकडे धावले. वाटेत कान देत होते, आवाज येतोय का, लांबून गेलाय का. गावाकडून फेरीच्या गाड्यांचा घरघराट येत होता आणि त्यातला प्रत्येक आवाज मला केशरीचा वाटत होता.

शेडचं दार उघडलं. केशरी जागेवर होती. बाबा नव्हते.

मग दुसरी भीती. पायी गेले म्हणजे कुठे गेले? हमरस्त्यावर? कारखान्याच्या कुंपणाकडे? अमोस त्यांची गाडी काढून एका बाजूला गेले, मी दुसऱ्या बाजूला धावले, स्वयंपाकाचा एप्रन तसाच, पायांत घरातल्या सपाता. त्या कोपऱ्यापर्यंत पोचले. शनिवार होता, बस नव्हती, पोरं नव्हती. आणि समोरून बाबा येत होते, सावकाश, पोस्टाच्या बाजूने. शर्ट आत खोचलेला, केस विंचरलेले.

"अशी का पळतेस?" म्हणाले. "फेरी दुपारी आहे."

"कुठे गेला होतास?"

"पोस्टात. शनिवारी बाराला बंद करतात."

"काय टाकलंस?"

"तुझ्या डब्यातली वस्तू."

ते कोपऱ्यावरच्या बाकावर बसले आणि मला बसवलं. "नाताळच्या भेटी तू पस्तीस वर्षं त्याच डब्यात लपवल्यास," म्हणाले. "आता काय जागा बदलणार होतीस? टोपी मी दोन आठवड्यांपूर्वीच उघडून बघितली. दारंच लावली असली तरी तीस वर्षं गाड्यांतच उभा होतो. आत काही नव्हतं. म्हटलं, बाईने शहाणपणाचं काम केलं."

"मग रोज किल्ली कशाला फिरवत होतास?"

त्यांनी समोर रस्त्याकडे बोट केलं. बसचा थांबा तिथेच आहे.

"काही दिवस विसरायचो. आणि आठवायचं त्या दिवशी फिरवायचो आणि मनात म्हणायचो, लागू नको, लागू नको." मग म्हणाले, "जांभळं जॅकेट होतं. बरोबर ना? बाकी सगळं जातं, अर्लीन. तेवढं जात नाही."

सहा महिने एकाच घरात एकाच पोरीची भीती धरून आम्ही बसलो होतो, आणि दोघंही दुसऱ्याला ठाऊक नाही अशा समजुतीत. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून भर रस्त्यात रडले. ते माझी पाठ थोपटत म्हणाले, "पेटीवाल्याला नवी पेटी दिली ना आपण?" दिली, म्हटलं.

"कुणाला पाठवलंस ते?" मी विचारलं.

"पोराला."

पत्ता तुझ्या कार्डावरून उतरवला. कार्डही त्याच डब्यात होतं. आत चिठ्ठी घातलीय म्हणाले, पण काय लिहिलं ते मला सांगत नाहीत, आणि मी विचारून विचारून थकले. हे पत्र आणि ते पाकीट तुला बहुधा एकाच दिवशी मिळतील.

दुपारी फेरीला गेलो नाही. केशरीची दोन्ही दारं उघडी टाकून आम्ही तिघं शेडसमोर खुर्च्यांवर बसलो आणि लांबून आवाज ऐकले. अमोस आवाजावरून गाडी ओळखायचे आणि चुकायचे. जेवणाच्या आधी बाबांनी स्क्रू काढायचा पेचकस मागितला. कशाला हवा म्हणून मी मागोमाग गेले. ते आवाराच्या तोंडाशी जाऊन पाटीसमोर उभे राहिले. चारही स्क्रू गंजलेले होते, एक तर निघेचना, त्याचं डोकं गेलं. अमोस म्हणाले कापून टाकू, तर बाबा "कापायच्या आधी कांब जोडलीस का?" असं विचारून स्वतःच हसत बसले. पाटी आता शेडमध्ये, केशरीच्या चाकाखाली पाचर म्हणून लावलीय. स्क्रू डब्यात आहेत.

"तो कुठली का गाडी आणेना, आत लावू दे," म्हणाले. "आणि केशरी तो चालवेल. डावं दार त्याचं. मी उजवीकडे बसेन, मला तिकडून कधी बघायलाच मिळालं नाही."

डॅरेल, तुझा राग खरा आहे. त्या पाटीमुळे तू तुझी परदेशी गाडी बाहेर लावून सूटकेस घेऊन रस्त्यावरून चालत आलास आणि न जेवता चालत गेलास, ते मी खिडकीतून बघितलं, आणि तेव्हाही मी गप्प बसले. त्याची माफी समोरासमोर मागेन. पण राग घेऊनच ये, वाटेत घालवत बसू नकोस, वेळ जाईल.

रात्रीचं जेवण करताना बाबांनी मला दोनदा विचारलं, पाकीट टाकलं का, आणि दोन्ही वेळा कुणाला टाकलं ते त्यांचं त्यांनाच आठवलं. तिसऱ्यांदा विचारतील तेव्हाचं मला सांगता येत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

या आठवड्यातच निघ. रोटर खिशात ठेव, सामानात टाकू नकोस.

आई